कोळशातले घड्याळ

आमच्या नाशिकला काळ मोजण्याची स्वतःची अशी एक रीत आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना एखाद्या गोष्टीचे साल विचारावे, तर ती आकडा सांगत नाहीत. 'मागच्याच्या मागल्या सिंहस्थात' असे म्हणतात, आणि ऐकणारा बारा-बारा वर्षांची बेरीज मनातल्या मनात करून घेतो. कुणाचा जन्म गोदेला मोठा पूर आला त्या वर्षीचा, कुणाचे लग्न दुष्काळातले. तीन-चार पिढ्यांपर्यंत ही रीत उत्तम चालते. त्यापलीकडे गेले, की सारेच 'फार पूर्वी' होऊन जाते. मग शंभर वर्षे काय आणि तीन हजार वर्षे काय, दोन्ही एकाच अंधारात बसतात.

या 'फार पूर्वी'ला आकडा कसा मिळाला, त्याची हकीकत या दिवाळीत वाचकांना सांगावी असे मनात आहे. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विज्ञानातली ही गोष्ट मला पंडितासारखी सांगता येणार नाही. पण ती मुळात माणसांची गोष्ट आहे, आणि तेवढी सांगायला मॅट्रिक पुरते.

नाशिकपुरता इतिहास आपल्याला बऱ्यापैकी खोलवर दिसतो, कारण येथे दगड बोलतात. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गेले, की गौतमी बलश्री या राजमातेचा लेख समोर येतो. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी कसा पराक्रमी होता, ते आईने कोरून ठेवले आहे. नातू पुळुमावी याच्या राज्याचे एकोणिसावे वर्षही सांगितले आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी देतो. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातली १३,००० हून अधिक नाणी नहपानाची, आणि त्यांतल्या ९,००० वर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा ठोकलेला! जेत्याने जिताच्या तोंडावर मारलेला तो शिक्का आजही वाचता येतो. लेख आणि नाणी यांचा असा हात धरून आपण सुमारे दोन हजार वर्षे मागे जातो.

आणि तेथे हात सुटतो. त्याआधीच्या माणसांनी येथे काही लिहून ठेवलेले नाही.

ती माणसे होती, हे मात्र १९५०-५१ साली कळले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीवर उत्खनन केले. वर मराठी अमदानीतले व मुसलमानी अमदानीतले अवशेष, त्याखाली सातवाहनांचे दिवस, आणि त्याच्याही तळाशी गारगोटीच्या जातीच्या दगडांची इवलीशी पाती व रंगवलेली खापरे. त्याच मोसमात प्रवरेच्या काठी संगमनेरजवळ जोर्वे या खेड्यात तसलीच खापरे निघाली: तांबड्या रंगावर काळी नक्षी, आणि सोबत तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी. दोन्ही उत्खननांचा अहवाल १९५५ साली एकाच ग्रंथात आला. पुढे नेवासे, चांडोली, दायमाबाद, इनामगाव असे एकेक गाव उजेडात येत गेले, आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या त्या संस्कृतीला जोर्व्याचेच नाव मिळाले.

या शेतकऱ्यांची एक रीत वाचली, तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसले. त्यांच्या घरातले तान्हे मूल दगावले, की ते त्याला गावाबाहेर नेत नसत. मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात लेकरू निजवायचे, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. नेवाशाला आणि इनामगावला अशी किती तरी दफने सापडली आहेत. वर चूल पेटत होती, दळणकांडण चालले होते, आणि खाली ते मूल आईजवळच होते. अशा आईबद्दल 'फार पूर्वी' एवढेच म्हणून कसे भागेल? ती केव्हा होती? सातवाहनांच्या आधी किती वर्षे? शंभर, पाचशे, की हजार?

मातीच्या थरांना याचे उत्तर देता येत नाही. थर क्रम सांगतो, साल सांगत नाही. अमुक तमुकाच्या खाली, एवढेच त्याचे म्हणणे. खापरांची नक्षी माळव्याशी जुळते का, पलीकडे इराणशी जुळते का, असे ताडून विद्वानांना अंदाज बांधावे लागत. साल सांगणारा साक्षीदार निघाला तो भलताच: चुलीतला कोळसा.

हवेत जो कर्बवायू असतो, त्यातला कर्ब बहुतेक सगळा स्थिर असतो. पण आकाशातून अखंड येणाऱ्या विश्वकिरणांच्या माऱ्याने हवेतल्या नायट्रोजनाचे काही अणू बदलतात आणि कर्बाचा एक किरणोत्सर्गी भाऊ तयार होतो. त्याला कार्बन-१४ म्हणतात. त्याचे प्रमाण किती? कर्बाच्या सुमारे एक लाख कोटी अणूंमागे एक! झाडे तो हवेतून घेतात, आपण झाडांवर जगतो, म्हणून तो आपल्या हाडामांसातही असतो. जीव आहे तोवर ही आवक चालू राहते. झाड तोडले, कणीस खुडले, की आवक बंद. आणि आत होते ते अणू एकेक करून फुटत जातात.

हे फुटणे कसे, ते लक्ष्मीपूजनाच्या लाह्यांवरून सांगते. तापल्या कढईत साळीचे दाणे टाकले, की ते एकदम फुटत नाहीत, रांगेनेही फुटत नाहीत. कोणता दाणा केव्हा फुटेल, ते सांगता येत नाही. पण एकूण दाण्यांपैकी निम्मे किती वेळात फुटतील, हे सरावाच्या हाताला कळते. समजा हजार दाणे आहेत. ठरावीक वेळात पाचशे उरले, तेवढ्याच वेळात पुढे अडीचशे, पुन्हा तेवढ्याच वेळात सव्वाशे. किरणोत्सर्गी अणूंचे असेच आहे, आणि निम्मे संपायला लागणाऱ्या त्या वेळाला अर्धायुष्य म्हणतात. फरक एवढाच, की कढईखालचा जाळ कमीजास्त केला तर लाह्यांचा वेग बदलतो; अणूंच्या बाबतीत थंडी, ऊन, आग, पाऊस कशाचाच उपयोग होत नाही. म्हणून तर ते घड्याळ.

१९४० साली अमेरिकेत मार्टिन केमन आणि सॅम रुबेन यांनी कार्बन-१४ ओळखला. १९४९ च्या सुमारास शिकागोच्या विलर्ड लिबी यांनी त्याच्यावरून जुन्या लाकडाचे वय काढून दाखवले, आणि १९६० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वाचायला हे सोपे वाटते. पण ताज्या लाकडातल्या एक ग्रॅम कर्बातून मिनिटाला अणू फुटतात अवघे चौदाच्या आसपास. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोळशात त्याहूनही कमी, नऊ-दहा. उलट मोजणीयंत्रावर बाहेरून आदळणाऱ्या किरणांचे ठोके मिनिटाला सुमारे ५००. लिबींनी यंत्राभोवती लोखंडाच्या जाड भिंती उभारल्या, तेव्हा ते शंभरावर आले. मग भोवती पहारेकरी म्हणून आणखी यंत्रांचे कडे उभे केले. बाहेरचा किरण आत शिरताना पहारेकऱ्यालाही लागतोच, आणि तसा ठोका हिशेबातून वगळायचा. अशा रीतीने पाचापर्यंत आले. बाजारपेठेत भरदिवसा उभे राहून घरातल्या तान्ह्याचा श्वास ऐकावा, तसले हे काम.

आता मूळ प्रश्न येतो. निम्मे अणू संपायला किती वर्षे लागतात, हे कुणी मोजले? हजारो वर्षे बसून पाहणे तर शक्य नाही. जे अणू काही दिवसांत वा महिन्यांत निमतात, त्यांच्यापुढे वही घेऊन बसता येते. दीर्घायुषी अणूंसाठी युक्ती निराळी. कणगीत दाणे किती आहेत आणि रोजचा खर्च किती, एवढे कळले की कणगी किती दिवसांची, हे सांगता येते. एक ग्रॅम ताज्या कर्बात कार्बन-१४ चे अणू असतात सुमारे ६,००० कोटी, आणि खर्च मिनिटाला चौदा. प्रत्यक्षात मोजमाप करताना अणुभट्टीत तयार केलेला पुष्कळ कार्बन-१४ घेतात, अणूंची संख्या एका यंत्राने काढतात, ठोके दुसऱ्याने. दोन्ही मोजण्यांत चूक राहू शकते. वायू यंत्राच्या भिंतीला किंचित चिकटून बसला, तरी हिशेब बिघडतो.

आणि तो बिघडलाही. १९४९ च्या आगेमागे अमेरिकेत एका गटाला उत्तर मिळाले ५,७२० वर्षे. दुसऱ्यांना ५,६०० च्या आसपास किंवा त्याहून कमी. लिबींनी या आकड्यांची सरासरी धरली: ५,५६८ वर्षे, तीस अधिक-उणे. जगभरच्या प्रयोगशाळा त्या आकड्यावर वये काढू लागल्या. पुढे अमेरिका, इंग्लंड आणि स्वीडन या तीन देशांत पुन्हा नव्याने मोजणी झाली. त्यांतली स्वीडनमधली उप्साला येथील इंग्रिड ओल्सन या बाईंची. १९६२ साली केंब्रिजच्या परिषदेत तिन्हींचा मेळ घालून नवा आकडा ठरला: ५,७३०, चाळीस अधिक-उणे. जुना आकडा जवळजवळ तीन टक्क्यांनी कमी होता.

त्याच सुमारास आपल्याकडे शेर जाऊन किलो येत होता. दुकानदारांना नव्या-जुन्या वजनांचा जो घोळ निस्तरावा लागला, तोच या विद्वानांपुढे उभा राहिला. त्यांनी ठरवले, की छापताना जुनाच आकडा वापरायचा, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या वह्या जुळतील; ज्याला खरे वय हवे त्याने १.०३ ने गुणावे. चूक ठाऊक असून ती सर्वांनी मिळून, उघडपणे सांभाळायची, असा हा करार. तो अजूनही पाळला जातो.

हे सारे परदेशात चालले असताना आपण काय करत होतो? मला या हकीकतीचा सर्वांत आवडलेला भाग इथेच आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या काळी गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. अमेरिकेत राजकीय संशयापायी जगणे अवघड झालेले बर्नार्ड पीटर्स हे शास्त्रज्ञ १९५१ साली होमी भाभांच्या या संस्थेत आले. त्यांच्या हाताखाली देवेंद्र लाल नावाचा काशीचा तरुण होता. विश्वकिरण हवेत कार्बन-१४ घडवतात, तर आणखीही काही घडवत असतील, आणि ते पावसाबरोबर खाली येत असेल, हा त्यांचा तर्क. मग ही मंडळी पावसाच्या पाण्यामागे लागली. मुंबईच्या माणसाला पावसाचे कौतुक ते काय! पण याच पाण्यातून त्यांनी बेरिलियम-७ वेगळा काढला, ज्याचे अर्धायुष्य ५३ दिवस. गंधकाचा ८७ दिवसांचा अणू काढला. फॉस्फरसाचे १४ आणि २५ दिवसांचे काढले. समुद्रतळाच्या गाळात बेरिलियम-१० शोधण्याच्या कामातही ती होती. त्याचे अर्धायुष्य त्या वेळी २५ लाख वर्षे किंवा त्याहून अधिक समजत. २०१० साली केलेल्या काटेकोर मोजणीनंतर ते १४ लाखांच्या जवळ धरतात. सगळे अणू कल्पनेपलीकडे विरळ. पाणी आटवायचे, रसायने घालून साका काढायचा, धुवायचा, पुन्हा विरघळवायचा, आणि शेवटी चिमूटभर पांढरी भुकटी यंत्राखाली ठेवून ठोके ऐकत बसायचे.

१९६२ साली संस्था कुलाब्याच्या टोकाला, समुद्रालगतच्या नव्या वास्तूत औपचारिकपणे आली. कार्बन-१४ ची प्रयोगशाळाही याच काळात उभी राहिली. तोवर नेवाशाचे आणि नर्मदाकाठच्या नावडातोलीचे कोळसे तपासणीसाठी अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठाकडे जात असत; आता ते घरच्या घरी तपासले जाऊ लागले. लाल यांच्याबरोबर शीला कुसुमगर आणि पुढे धर्मपाल अग्रवाल यांची नावे या याद्यांवर दिसतात. पहिली यादी १९६३ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक नमुन्याला 'टीएफ' ही अक्षरे आणि क्रमांक. आणि पुढच्या याद्यांत अर्धायुष्याचे जुने व नवे असे दोन्ही आकडे धरून काढलेली वये शेजारी शेजारी. एवढ्या कोरड्या रकान्यांतून आपल्या दख्खनच्या त्या मुक्या शेतकऱ्यांना प्रथमच साले मिळाली.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा जोर्वे काळातल्या एका चुलीचा कोळसा जुन्या हिशेबाने ३,१०० वर्षांचा ठरला. या शास्त्रात मागे मोजायला सुरुवात करतात १९५० पासून. तेव्हा साल येते इ. स. पू. ११५०. अर्धायुष्य ५,७३० धरले, की तोच कोळसा इ. स. पू. १२४० च्या आसपास जातो. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या प्रयोगशाळेत तीन टक्क्यांची दुरुस्ती झाली, आणि गोदा-प्रवरेकाठची चूल नव्वद वर्षे मागे सरकली. चार पिढ्यांचे अंतर! गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळी सारखे नव्हते, हे पुढे दिसून आले. त्यावर इलाज झाडांनीच दिला. खोडाच्या वर्तुळांची वर्षे एकेक मोजून, प्रत्येक वर्तुळातला कार्बन-१४ तपासून, हजारो वर्षांचे कोष्टक तयार झाले. त्याच्याशी ताडले तर आपला कोळसा इ. स. पू. १४०० ते १३०० च्या दरम्यान जातो. आज जोर्वे संस्कृतीचा आरंभ साधारण इ. स. पू. १४०० धरतात, तो अशा चाळण्यांतून गाळून आलेला आहे.

मुंबईच्या या मंडळींनी आणखी एका घड्याळाला हात घातला, आणि त्याची कथा अधिक बोधप्रद आहे. लाल यांनी १९६० साली गोल्डबर्ग आणि कोईडे या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर सागरी स्पंजांच्या गारेत सिलिकॉन-३२ हा अणू निसर्गात असल्याचे प्रथम दाखवले. तोही विश्वकिरणांचीच निर्मिती, पावसातून पाण्यात उतरणारा. मग विहिरीचे पाणी जमिनीत किती वर्षांपूर्वी मुरले, हे त्यावरून सांगता येईल, नाही का? १९६६ साली निजामपूरकर, अमीन, खारकर आणि लाल यांनी भूजलाचे वय काढण्याची ती पद्धत जगापुढे मांडली. यासाठी टनावारी पाणी लागे. त्यातली गार वेगळी काढून काही महिने ठेवायची. तिच्यात सिलिकॉन-३२ पासून फॉस्फरस-३२ जमू लागतो. तो काढून मोजायचा, आणि पुन्हा थांबायचे. गाय दोहावी, पान्हा फुटू द्यावा आणि पुन्हा दोहावी, तसे. पुढे ही मंडळी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेली. निजामपूरकरांनी तेथे याच अणूच्या आधारे हिमालयातल्या हिमनद्यांची वये काढली.

पण या घड्याळाचा काटा किती वर्षांनी अर्धा उतरतो, तेच पक्के नव्हते. अणू पाहत बसावा तर आयुष्य फार मोठे. कणगीतले दाणे मोजावेत तर ते फार थोडे. सुरुवातीचे अंदाज सातशे वर्षांपर्यंत होते. साठोत्तर काळात पाचशेच्या आसपास धरत. ग्रीनलंडच्या बर्फावरून तीनशेच्या जवळचा आकडा आला. १९८० साली अमेरिकेत दोन गटांनी नव्या यंत्रांनी अणू थेट मोजले आणि उत्तर आले शंभराच्या किंचित वर! १९८६ साली ब्रुकहेवनच्या शास्त्रज्ञांनी चार वर्षे नमुना यंत्राखाली ठेवून तो क्षीण होताना प्रत्यक्ष पाहिला. त्यांना मिळाली १७२. शिवाय त्यांच्या ठोक्यांत दरवर्षी ऋतूंबरोबर बारीकशी चढउतार दिसे. अणूला ऋतू ठाऊक नसतात. तेव्हा हवेतल्या ऊनपावसाचा परिणाम यंत्रावर होत असावा, असा संशय त्यांनी घेतला. आज दीडशेच्या आसपासचा आकडा मानतात, आणि मोजणी अजून चालू आहे.

पाचशेचे दीडशे झाले, याचा अर्थ पाण्याचे जे वय पूर्वी हजार वर्षे निघाले असते, ते तीनशेच ठरते. मग पहिल्यांनी केलेले काम फुकट गेले काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी ठोके खरे मोजले होते, आणि कोणता आकडा धरून वय काढले तेही लिहून ठेवले होते. म्हणून नवा आकडा आल्यावर कुणालाही जुनी वही उघडून पुन्हा हिशेब करता येतो. ज्याने हातचा धरलेला लपवला, त्याचीच वही फुकट जाते.

हे मी मुलांना आवर्जून सांगते. आपले नाशिक किती जुने, असा प्रश्न वर्गात दरवर्षी निघतो, आणि प्रत्येक मुलाला मोठ्यात मोठा आकडा हवा असतो. गावाचा अभिमान कुणाला नसतो? रामकुंडावर श्रद्धेने स्नान करणाऱ्याला तारखेची गरज नाही, आणि श्रद्धेला तराजूत घालण्याचे काम कोळशाचेही नाही. पण इतिहासाच्या तासाला आकडा सांगायचा, तर त्याच्यामागे कुणी तरी मोजलेले असले पाहिजे, आणि पुढे 'अधिक-उणे' लिहिण्याची तयारी पाहिजे. ही दोन चिन्हे मुलांना कमीपणाची वाटतात. मी त्यांना म्हणते, सगळ्या आकड्यात प्रामाणिक जागा तीच. मोजणाऱ्याने आपल्या ज्ञानाची हद्द तेथे आखून दिलेली असते.

तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी एका आईने दोन कुंभांत आपले मूल निजवले आणि घरातली जमीन पुन्हा सारवली. तिचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. तिच्या चुलीतल्या कोळशाचे वय मात्र शे-पन्नास वर्षे अधिक-उणे सांगता येते. ते सांगता यावे म्हणून कुणी मुंबईत पावसाचे पाणी आटवले, कुणी उप्सालात वायूचे ठोके मोजले, कुणी झाडांची वर्तुळे मोजत बसले. तिला एवढ्या लोकांनी शोधले, हे वाचून मला बरे वाटले; वाचकांनाही वाटावे.